भीमाबाईंचं फलाफल

मायाने फलाफलचा पहिला घाणा तेलात सोडला, तेवढ्यात गाळ्याचे मालक त्र्यंबकराव जिना उतरून आले. हातात अकरा महिन्यांचा नवा करारनामा होता. आज सही झाली नाही, तर नौपाड्यातला हा गाळा महिनाअखेर सोडावा लागणार होता.

"सोसायटीचं म्हणणं एवढंच, की पाटी बदला," ते म्हणाले. "बैरूत-बिरूत काहीतरी ठेवा. छान वाटेल."

"आत्ता काय वाईट वाटतंय, काका?"

पाटीवर 'भीमाबाईंचं फलाफल' असं ठळक लिहिलेलं होतं. नावावरून माणसाची जात काढण्यात कमिटीची मंडळी भलतीच हुशार. त्र्यंबकराव सभ्य गृहस्थ, ते तसलं काही तोंडाने बोलणार नव्हते. त्यांनी चष्मा पुसला.

"माझं काही नाही हो. मी तर रोज खातो. पण कमिटी..."

शारजात सहा वर्षं दुसऱ्यांच्या हॉटेलात राबून मायाने हा गाळा थाटला होता. पण काबुली चणे भिजवणं, वाटणं, गोळे वळणं सगळं आईचं, तेही पडद्याआड. "गिऱ्हाईक बिचकायला नको," असं आई म्हणायची. त्या वाक्याची मायाला भयंकर चीड होती.

"बदल की गं," आतून आईचा आवाज आला. "माझ्या नावाचं काय लोणचं घालायचंय?"

मायाने हात पुसले, करारनामा घेतला आणि न वाचताच घडी घालून परत दिला.

"पाटी राहील, काका. गाळा तुमचा तुम्ही घ्या."

रांगेतल्या दोघा-तिघांनी फोनमधून माना वर काढल्या. आता आई फैलावर घेणार, म्हणून माया मनाची तयारी करून उभी राहिली.

पडदा सरकला. कोथिंबिरीने हिरवे झालेले हात तसेच घेऊन भीमाबाई बाहेर आली. मायाला कोपराने बाजूला सारून तिने कढईतले गोळे झाऱ्याने उपसले, ताटलीत घेतले, वर तिळाची चटणी ओतली.

"घ्या. रोज खाता ते माझ्याच हातचं."

त्र्यंबकरावांनी नकळत वर पाहिलं. गॅलरीतून कमिटीच्या मंदाकिनीताई वाकून बघत होत्या.

"वर काय बघताय? गरम आहे तोवर खा."

त्यांनी ताटली हातात घेतली. पण भीमाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत थांबली नाही. ती रांगेकडे वळली.

"बोला, पुढचं कोण?" तिने विचारलं, गॅलरीपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा.