पाखरू उडालेल्या दांडीची गोष्ट

मित्रांनो, मी एक जुनी उपमा आहे. कवितेच्या पुस्तकात मला शोधू नका, तिथे मी कधी गेलेच नाही. पॅसिफिक महासागरात, टोकेलाऊच्या एका लहानशा बेटावर, लेपेका नावाच्या बाईच्या रडण्यातून मी जन्मले.

तिचा मुलगा लुहिआनो होडी घेऊन मासेमारीला गेला, तो परतलाच नाही. त्याचा पाळलेला समुद्रपक्षी दारातल्या दांडीवर बसायचा. धनी येईना म्हणून एके दिवशी तोही उडून गेला. तेव्हा चटई विणता विणता लेपेका गायली, "पाखरू उडालेल्या दांडीसारखी मी उभी आहे, बाळा." ती ओळ म्हणजे मी. गाताना ती 'दांडी'पाशी थांबायची, श्वास घ्यायची, मग पुढे जायची. तेवढ्या थांबण्यात तिचा लेक असायचा. शेजारणी डोळे पुसत म्हणायच्या, "लेपेका, पोटातलं बोललीस गं!" याहून मोठं कौतुक माझं कधी झालं नाही.

पुढे लेपेका मुलीकडे, न्यूझीलंडमधल्या पोरीरुआला राहायला आली. तिथे दारात दांड्या नव्हत्या आणि पाखरंही नव्हती. मी तिच्या ओठांतल्या ओठांत उरले. नात तेलेहिया मात्र मोठी हौशी. ईस्टरच्या नाचाच्या स्पर्धेसाठी तिला गाणं हवं होतं.

"आजी, ते पाखराचं गाणं दे ना! काय झकास चाल आहे!"

"अगं, ते नाचायचं नाही."

"मग कशाचं आहे?"

लेपेकाच्या तोंडून लेकाचं नाव निघेना. तिने मान खाली घातली. नातीला वाटलं, आजी हो म्हणाली.

आमच्या नाचाची रीत अशी की, एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणायची आणि दर खेपेला वेग वाढवायचा. स्पर्धेच्या दिवशी लाकडी खोक्यावर थापा पडू लागल्या. मुलांनी पंखांसारखे हात फडफडवले. लोक हसत ओरडले, "अजून एकदा! होऊन जाऊ दे!" माझं थांबणं कधीच गळून पडलं होतं. मी नुसती धावत होते, मित्रांनो, आणि माझ्यात कोणीच नव्हतं.

बक्षीस मिळालं. तेलेहिया घामाघूम होऊन आजीकडे आली. "कसं झालं गं?"

"जोरात झालं," लेपेका म्हणाली. त्यानंतर तिने मला कधी ओठांवर घेतलं नाही.

मग लेपेका गेली. शवपेटीपाशी आईने तेलेहियाला लुहिआनोचं सगळं सांगितलं. पोर कळवळली. आजीसाठी ती मला हळू आवाजात गाऊ लागली. 'दांडी'पाशी थांबली, आणि नेमक्या त्या जागी मागच्या मुलांनी सवयीने टाळ्या धरल्या. एका चिमुरड्याने हात फडफडवले. तिने दटावलं, पुन्हा सुरुवात केली. या वेळी तिचाच पाय ठेका धरू लागला. तिने तोंड मिटून घेतलं. लेपेकाला तसंच, न गाता पुरलं.

मित्रांनो, एखादी ओळ आवडली तर खुशाल उचला. पण आधी विचारा, ही कोणासाठी रडली होती? मला वेळेवर ते कोणी विचारलं नाही. लुहिआनोचं नाव मला अजून आठवतं, पण त्याच्यासाठी थांबता येत नाही. थांबायला गेले की टाळ्या सुरू होतात.