चालत्या आत्याचा फोटो

आमच्या सुलोचना आत्याची स्कूटर वाचली आणि मला आयुष्यातला पहिला पॅनिंग फोटो जमला. फोटोत दिवाकरकाका आहेत. पण घरात ठरलंय की असा फोटो निघालाच नाही. तेव्हा तो निघाला नाही असं धरून मी पहिल्यापासून सांगतो.

आत्या साठीला आल्यावर स्कूटर शिकली. गाडी तिच्या मोठ्या भावाच्या, म्हणजे काकांच्या नावावर. काकांचं म्हणणं, आत्या ती चालवत नाही, फक्त ढकलते. "पडी पडी सड रही है," म्हणत त्यांनी ती देवासच्या यशवर्धनला, आमच्या चुलतभावाला, देऊन टाकायचं ठरवलं. तो रविवारी न्यायला येणार होता.

"अरे दादा, अख्खं स्नेहलतागंज फिरते मी! खाली येऊन बघ तरी," आत्या म्हणाली.

"मला नाही बघवणार. बीपी आहे. फोटो दाखव."

"व्हिडिओ काढतो ना," मी म्हणालो.

"व्हिडिओत आजकाल म्हशीसुद्धा भाषण देतात. फोटो आण. गाडी चालतेय असं दिसलं पाहिजे. स्टँडवरची नको."

फोटोतही म्हशीला माइकसमोर उभं करता येतं, हे मी बोललो नाही. नवा कॅमेरा घेतल्यापासून घरात पहिल्यांदाच मला कुणी काम सांगत होतं.

पॅनिंग मी यूट्यूबवर शिकलो. शटर मंद ठेवायचं, गाडी समोरून जाताना तिच्याच वेगाने कमरेतून वळायचं आणि वळता वळता बटण दाबायचं. गाडी स्वच्छ येते, मागची गल्ली रेघारेघांची होते. नाक्यावरच्या येत्या-जात्या गाड्यांवर सराव केला, तर माझी गाडीही रेघारेघांची आली. मग गल्ली स्वच्छ आली आणि गाडी गायब. एकदा गाडी आणि गल्ली दोन्ही स्वच्छ आली, पण ती रिक्षा उभी होती. नाक्यावरचा पोहेवाला हे रोज बघायचा. शेवटी म्हणाला, "भिया, कमर में तकलीफ है तो मालिशवाले का नंबर दूँ?"

मी नंबर घेतला.

शनिवारी आत्याला रस्त्यावर उतरवलं आणि खरी अडचण कळली. आत्या झकास यायची, पण कॅमेरा दिसला की ब्रेक मारायची, हेल्मेट काढायची, ओढणी सारखी करायची आणि हसायची.

"आत्या, थांबू नकोस ना!"

"फोटोत हलू नये एवढं कळतं मला. लहानपणी स्टुडिओत हलले होते, तर अख्ख्या खानदानात मला एकटीलाच चेहरा नाही आला."

संध्याकाळपर्यंत माझ्याकडे हसऱ्या, उभ्या आत्याचे इतके फोटो जमले की काकांची केस मजबूत झाली.

रविवारी सकाळी मी घरासमोर भाजीच्या ठेल्यामागे लपलो. आत्याला कॅमेरा दिसला नाही. ती सुसाट आली. काका यशवर्धनची वाट बघत दारात उभे होते, त्यांच्या नाकासमोरून गेली.

"सुलू! अरे रुक! सुलू!" आणि काका धावले.

मी कमरेतून वळलो आणि बटण दाबलं.

फोटो अप्रतिम आहे. गल्ली रेघारेघांची आणि मधोमध काका. मिशीचा केस न् केस स्वच्छ, दोन्ही चपला जमिनीपासून वर. आत्या फ्रेमच्या बाहेर निघून गेलेली. गुडघ्यांमुळे काकांना कोपऱ्यावरून दही आणणंही जमत नाही, हे आम्ही सगळे कधीपासून मानून होतो.

काकांनी फोटो बराच वेळ पाहिला. "हे पोर्ट्रेट मोड आहे. मी उभा होतो."

"काका, चपला वर आहेत."

काकांनी दह्याच्या रिकाम्या भांड्याकडे पाहिलं. "हा फोटो निघालेलाच नाही. समजलं?"

"ठीक आहे दादा," आत्या हेल्मेट न काढता म्हणाली. "फोटो निघाला नाही. मग गाडीपण निघत नाही."

यशवर्धन पोहे खाऊन बसने परत गेला.

आता आत्याला बैठकीत लावायला स्वतःचा चालत्या गाडीवरचा फोटो हवाय. पण मी कुठेही लपलो तरी तिला लांबून दिसतो, आणि ती थांबते. म्हणून मी नगर निगममध्ये पुढील अर्ज दिला आहे:

"महोदय, श्रीमती सुलोचना या फोटोसमयी जागच्या हलत नाहीत. सबब येत्या रविवारी सकाळी आमची गल्ली, पोह्याच्या ठेल्यासह, त्यांच्या मागून ताशी वीस किलोमीटर वेगाने उलट दिशेने नेण्याची कृपा व्हावी. जाताना गल्लीने हॉर्न वाजवू नये, त्या दचकतात. मंजुरी मिळाल्यास अर्जदाराच्या कमरेसही आराम पडेल."