बारा-एकसष्ट

शेंद्र्याच्या कंपनीत, लॅबमध्ये, अमोनिया हुंगण्यात माझी सहा वर्षं गेली. त्यामुळे रविवारी दुपारी करमाडच्या आमच्या शेतात गेले आणि शेरडांच्या नव्या गोठ्याच्या ओल्या कॉलममधून तोच वास आला, तेव्हा मी तो लगेच ओळखला. माल वाहणाऱ्या चौघींतली चतुराबाई पदरानं डोळे पुसत होती.

"सिमिटाला मुताचा वास कसा येतोय गं?" ती म्हणाली.

मी ठिबकच्या ड्रमात डोकावून पाहिलं.

आदल्या संध्याकाळी डाळिंबाला ठिबकमधून सोडायला बारा-एकसष्ट खत मीच ड्रममध्ये विरघळवून ठेवलं होतं. विरघळलं की पाणी पुन्हा नितळ दिसतं. ड्रमवर चिठ्ठी लावायची राहिली. लॅबमध्ये बाटलीवर नाव नसलं तर मी पोरींना फाडून खाते, आणि घरी हा कारभार! रविवारी लाईट गेली, बोअर बंद पडला, आणि आदिनाथ मिस्त्रींनी माल कालवायला हाताशी होतं ते ड्रमचं पाणी घेतलं. त्यात त्यांचं काय चुकलं?

त्या खतात अमोनियम असतं आणि फॉस्फेट. सिमेंटमध्ये पाणी पडलं की चुना सुटतो आणि अमोनियमचा वायू करून उडवून लावतो. तो वास. वास जातो निघून. खरी खोड फॉस्फेटची. ते सिमेंटच्या कणांवर थर धरून बसतं आणि त्याला घट्टच होऊ देत नाही. हे सगळं मला उभ्या उभ्या कळत होतं. पण दादा, माझे वडील, गावभर सांगत फिरतात, आमची सत्यशीला खताची डॉक्टर. शेरडं राखणाऱ्या घरातली पहिली एमेस्सी. माझं तोंडच उघडेना. म्हटलं, थोडंच पडलं असेल, होईल घट्ट.

सोमवारी लॅबमध्ये तीनदा टायट्रेशन केलं, तिन्ही वेळा थेंब जास्त पडला आणि रंग हवा त्यापेक्षा गडद झाला. शेवटी घरी फोन लावला. आईनं उचलला.

"फळ्या काढल्या. कॉलमात नख जातंय. तुझ्या बापानं आदिनाथला चौघी बायांम्होरं चोर म्हनलं. सिमिट खाल्लं म्हनलं."

"आदिनाथकाका काय म्हणाले?"

"काय बी नाय. थापी-ओळंबा पिशवीत घातला अन् गेला. तीस वर्सं घरं बांधतोय, एवढंच म्हनला."

हाफ डे टाकून मी रिक्षात बसले. जालना रोडवर ट्रकांची रांग हलेना. उतरून पळत सुटावं असं वाटत होतं. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

दादा कॉलमपाशी बसून खिळ्यानं तो उकरत होते. मी उभ्यानंच सांगायला लागले, ड्रम, खत, चुना, फॉस्फेट. दादांनी हात वर केला.

"त्ये ऱ्हाऊ दे. तुला कवा कळलं?"

"काल. वास आला तेव्हाच."

"म्हंजी मी त्याला चोर म्हनायच्या आधी?"

मी मान हलवली. दादांनी खिळा बाजूला ठेवला. एखादी शिवी हासडली असती तर बरं झालं असतं.

मग त्यांनी पटका नीट बांधला. "आदिनाथला मी आनतो. पाय धरीन त्याचं. त्या चौघींना तू बोलव. त्यांच्याम्होरं बोललो, त्यांच्याम्होरंच फिटलं पायजे. अन् तुझं तू सांगायचं."

चतुराबाई आपल्या घराच्या दारात भांडी घासत होती.

"उद्या काम हाय व्हय?"

"आत्ता चला," मी म्हणाले. "काकांनी सिमेंट चोरलं नाही. माझ्या हातानं नासलं, आणि मला कालच ठाऊक होतं."

तिच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. मग ते खाली ठेवून ती उठली आणि माझ्यामागं चालू लागली. अजून तिघींची घरं बाकी होती.