बाणाच्या उलट दिशेला

मी गेमचा कंट्रोलर बोलतोय. टीव्हीसमोर मांडी ठोकून बसलेली माणसं दोन्ही हातांनी गच्च धरतात आणि हरली की गादीवर आपटतात, तो मीच. तोंड मला नाही. पोटात दोन इवल्या मोटारी आहेत, त्यांच्यामुळे थरथरता तेवढं येतं. पण ज्यांच्या हातात मी वाढलो त्या दोघांना माझी थरथर बरोबर कळायची.

कारखान्यात एका बाईंनी माझं एकेक बटण अंगठ्याने दाबून पाहिलं आणि शेजारणीशी गप्पा मारता मारताच मला खोक्यात घातलं. पुढे दुकानाच्या काचेच्या कपाटात पडून होतो. एके दिवशी एक गृहस्थ आपल्या दोन मुलांना घेऊन आले. भांडण नको म्हणून त्यांना दोन कंट्रोलर हवे होते. दुकानदार म्हणाला की हा खेळ एकट्याने खेळायचा आहे, दुसरा घेऊन करणार काय? झालं, माझी एकट्याची रवानगी त्या घरात झाली आणि भांडणंही माझ्यामागोमाग आली.

मुलगी थोरली, तिला सगळे ताई म्हणायचे. धाकटा भाऊ बारक्या. शेवटी त्यांनी वाटणी केली. कडे चढणं आणि उड्या मारणं ताईकडे, मारामारी बारक्याकडे. शत्रू समोर आला की ताई मला बारक्याच्या मांडीवर फेकायची. त्या फेकाफेकीत माझं एक कोपर कायमचं खरचटलं.

खेळाचं नाव 'पाताळवाट'. एक मुलगी जमिनीखाली गाडल्या गेलेल्या शहरांत एकटी उतरते. तिला नाव नव्हतं. बाबा मागे सोफ्यावर पेपर वाचत असायचे. ते विचारायचे, "ही बया परत बुडाली का?" तेव्हापासून ती बयाच झाली. खेळात नकाशा नव्हता, कुणी वाट सांगत नव्हतं. पाण्याखालच्या महालात ही भावंडं कित्येक संध्याकाळी चुकत राहिली. चुकता चुकता एकदा भिंतीआड दरवाजा सापडला, तेव्हा दोघांनी एवढा दंगा केला की शेजारचे काका बघायला आले.

मग दोन-तीन भागांनंतर कंपनीने ती मालिका बंद केली. मुलं मोठी झाली. ताई गेमवर लिहायला लागली. लोक तिचं परीक्षण वाचून खेळ घ्यायचा की नाही ते ठरवायचे. बारक्या गेम बनवणाऱ्या कंपनीत लागला. तिथे काय करतोस विचारलं की म्हणायचा, "सांगता येत नाही, तोंडाला कुलूप आहे."

आणि एक दिवस बातमी आली, 'पाताळवाट' परत येतेय. पुढचा भाग नव्हे, पहिल्यापासून नव्याने. संपादकबाईंनी परीक्षण ताईकडेच दिलं. जुने भाग तिला तोंडपाठ होते. खेळ तिच्याकडे आधीच आला, पण अट होती की ठरलेल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत एक अक्षरही छापायचं नाही.

ताईकडे नवाकोरा कंट्रोलर होता. तरी तिने मला माळ्यावरून काढलं, धूळ पुसली आणि खटपट करून कॉम्प्युटरला जोडलं. इतक्या वर्षांनी तिचे अंगठे माझ्यावर आले, तेव्हा मी ते ओळखले. आता ते जड झाले होते आणि थोडे घाबरलेलेही होते.

सुरुवात झकास झाली. बया उडी मारायची तेव्हा तिचं वजन जाणवत होतं. कपारीत बोटं रुतायची तेव्हा माती सुटायची. मारामारी तर जुन्यापेक्षा सरस होती, ताई एकटीच हसत होती. मग तो बाण आला.

सोनेरी, हवेत तरंगणारा बाण. ताई जरा कुठे थबकली की तो उगवायचा, इकडे चल. तरी नाही हललं तर बया स्वतःच पुटपुटायची, "वर जायला हवं." ताईने बाण बंद करायची सोय सगळीकडे शोधली. नव्हती. पुढे एक विहीर आली. काय विहीर होती! खोल, गोल, भिंतीत कोरलेले सज्जे, तळाला काळं पाणी. ताईचा अंगठा थांबला. तिला बघत राहायचं होतं. बाण लगेच डोळ्यांसमोर नाचायला लागला. ताईने मला टेबलावर ठेवलं. आपटलं नाही, ठेवलं. तिचा खरा राग असाच असतो.

परीक्षण तिने एका बैठकीत लिहिलं. त्यात सगळ्यात जहाल मजकूर विहिरीबद्दलचा होता.

छापायच्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात बारक्या. न कळवता आला होता. पाणी घेतलं नाही, बूटही काढले नाहीत. त्याची नजर आधी माझ्यावर गेली, मग पडद्यावर. तिथे विहीर तशीच थांबलेली होती.

"ताई," तो म्हणाला, "ती विहीर माझी आहे."

मग त्याने सगळं सांगितलं. गेली काही वर्षं तो ह्याच खेळावर होता. विहिरीचा दगड न् दगड त्याने रचला होता. त्यात बाण नव्हता. खेळून पाहायला बोलावलेली माणसं हरवायला लागली, तेव्हा वरच्यांनी बाण घातला. तो भांडला, कुणी ऐकलं नाही. आता त्याचं कंत्राट संपत होतं. पुढे ठेवायचं की नाही ते ठरायचं होतं आणि संध्याकाळी अख्खं ऑफिस मोठ्या पडद्यावर परीक्षणं वाचणार होतं. विहिरीवर कडक लिहिलंय, हे ताईने कबूल केलं.

"विहिरीचं तेवढं काढ," तो म्हणाला. "बाकी काय हवं ते लिही."

मी टेबलाच्या कडेला होतो. ताईची बोटं माझ्या वायरीशी चाळा करत होती. भिंतीवरचं घड्याळ दोघंही टाळत होती. काढलं तर वाचणाऱ्यांशी लबाडी आणि ठेवलं तर पाठच्या भावाच्या पोटावर पाय.

तिने फोन उचलला. संपादकबाईंना सरळ सांगितलं की ह्या खेळावर माझा सख्खा भाऊ आहे, मला आत्ताच कळलं, माझं परीक्षण छापू नका. पलीकडून बाई बऱ्याच चिडल्या असाव्यात. ऐन वेळी दुसरं कोण मिळणार, एवढ्या मोठ्या खेळाचं पान रिकामं जाणार, पुढच्या वेळी तुझा विचार करावा लागेल. ताई फक्त "हो," "कळतंय" म्हणत राहिली. फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

बारक्याने सुटकेचा श्वास सोडला. "थँक्यू" म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण ताईने हात वर केला.

"छापणार नाही. पण तुला ऐकावं लागेल. बस."

आणि तिने सगळं वाचून दाखवलं. विहिरीचा मजकूरही, एक शब्द न गाळता. "हा खेळ मला पडू देतो, मरू देतो, फक्त हरवू देत नाही. ह्या विहिरीत मला कुणीतरी बोटाला धरून फिरवलं आणि बघू दिलं काहीच नाही." बारक्या बुटांकडे बघत ऐकत होता. त्याचे कान लाल झाले.

वाचून संपलं. तो उठला. मला वाटलं, चालला. त्याने मला उचललं आणि ताईच्या हातात दिलं.

"बाण वर दाखवतोय ना? तू खाली जा."

ताईने बयाला पाण्यात सोडलं. बाण चवताळल्यासारखा वर नाचू लागला, बया ओरडू लागली, "वर जायला हवं." ताई खाली खाली गेली. तळाच्या दगडांत एक फट होती. ती आत शिरली आणि बाण विझला.

काळोख. फक्त बयाचा श्वास किती उरला ते दाखवणारी पट्टी, भराभर आटणारी. मी थरथरायला लागलो. ताई डावीकडे वळली, भिंत. मागे वळली, आलेली वाट सापडेना. बया बुडाली.

पुन्हा. पुन्हा बुडाली. ताईच्या तळव्यांना घाम सुटला होता, मी निसटत होतो.

"कुठून जायचं?" तिने विचारलं.

बारक्याने ओठ घट्ट मिटून घेतले होते आणि स्वतःच श्वास रोखून धरला होता.

पुढच्या खेपेला ताई घाई करेना. हात लावत लावत, एकेक दगड चाचपत गेली. पट्टी संपत आली, माझ्या दोन्ही मोटारी फुल जोरात सुटल्या आणि बयाचं डोकं पाण्याबाहेर आलं. वर एक गाडलं गेलेलं दालन होतं, छताच्या भेगेतून उजेड पडत होता. तिथे काही नव्हतं. ना खजिना, ना शत्रू. नुसतं बघायचं होतं. ताईने मला मांडीवर टेकवलं आणि बघत बसली. ह्या वेळी तिला कुणी हटकलं नाही.

"कुणाला न सांगता ठेवलंय," बारक्या म्हणाला.

"हे आपल्या पाताळवाटेच्या तोडीचं आहे," ताई म्हणाली.

"आणि बाकीचं?"

"बाकीचं नाही."

त्याने मान हलवली. मग त्याने बूट काढले.

परीक्षण दुसऱ्या कुणीतरी घाईघाईत लिहिलं. खेळ देखणा आहे, जुन्याची सर नाही, एवढंच. ती फट त्याला सापडलीच नव्हती. बारक्याचं कंत्राट वाढलं नाही. कारण परीक्षणं की आणखी काही, हे त्याला कुणी सांगितलं नाही. संपादकबाईंनी ताईला बरेच दिवस मोठं काम दिलं नाही.

आता बारक्या ताईच्याच घरी मधल्या खोलीत बसून स्वतःचा छोटासा खेळ बनवतो. बनवलेलं तपासायला मला वापरतो. माझी अंगठ्याने फिरवायची डावी स्टिक कधी कधी आपल्याच मनाने कलते, एक बटण दाबलं की अडकून बसतं. परवा ताई त्याचा नवा भाग खेळत होती. खेळता खेळता अडली. "इथे काही कळत नाही रे, कुठे जायचं," ती म्हणाली. बारक्या पाठमोरा बसला होता. "बरं," म्हणाला, आणि जागचा हलला नाही. ताईने मला आणखी घट्ट धरलं.

माझे फार दिवस राहिलेले नाहीत, हे मला कळतं. मला टाकायचं तर खुशाल टाका, नवा आणा. एवढंच मागणं आहे, ह्या दोघांचा खेळ पुरा होईपर्यंत थांबा. ताई त्यातून अजून बाहेर पडलेली नाही.