डागाखालची बाहुली

ह्वे शहरातला पूर ओसरतो, पण त्यात भिजलेले फोटो वर्षानुवर्षं क्वेनच्या फोटो दुरुस्तीच्या दुकानात येत राहतात. न्यानआजींचा फोटो तर पंचवीस वर्षांपूर्वीच्या पुरातला. बाकावर त्यांची तीन मुलं, आणि मधल्या विनच्या मांडीवर भला मोठा तपकिरी डाग.

"अख्खी नदीच येऊन बसलीय की हो आजी इथे," स्कॅन करता करता क्वेन म्हणाली.

"नदीच ती. तिनंच नेलं विनला."

क्वेनने जीभ चावली.

"चेहरे राहू देत," आजी म्हणाल्या. "मला त्या डागाखालची बाहुली काढून दे."

"बाहुली?"

"तिघांचा फोटो काढला की मधला आधी जातो, एवढंही ठाऊक नाही तुला? मग चौथी म्हणून बाहुली मीच दिली होती त्याच्या मांडीवर. स्टुडिओतून फोटो आला, नीट बघितलाही नव्हता, तोवर पाणी घरात. पोर गेलं, फोटो भिजला. आमचे हे अजून ऐकवतात, तूच तिघांना बसवलंस. एकदा त्यांच्या नाकासमोर धरायचाय."

क्वेनने रंगांचे बाकीचे थर बंद करून फक्त लाल ठेवला. डाग फिका पडत गेला. आजी खुर्ची ओढून पडद्याला डोळे लावून बसल्या. विनच्या सदऱ्याची बटणं दिसली, मग गुडघे. मग मांडीवर एकमेकांत गुंतवलेले त्याचे दोन्ही हात. रिकामे.

क्वेनने आणखी मोठं करून पाहिलं. चिंधीसुद्धा नव्हती.

"दिली होती गं मी," आजी म्हणाल्या. मग थांबून, "घरातून निघताना तरी हातात होती."

"मी तिथे बाहुली रंगवून देते ना. आजोबांना काय कळणार?"

"त्यांना नाही कळणार." आजींनी चष्मा उतरवला. "मला कळलंय ना आता."

क्वेनने फोटो पुन्हा लहान केला.

"विनला एकट्याला कापून दे," आजी म्हणाल्या. "घरातल्या गेलेल्यांच्या देव्हाऱ्यात ठेवायला. तिथे नुसतं नाव लिहून ठेवलंय त्याचं. फोटो कापला तर माझा पुरावा जाईल म्हणून कुणाला हात लावू दिला नाही मी."

क्वेनने चौकट आवळत आणली. धाकटा भाऊ चौकटीबाहेर गेला, थोरली बहीणही गेली. तिचा हात मात्र विनच्या खांद्यावर तसाच राहिला, मनगटापाशी तुटलेला.

"हा पुसू?"

आजींनी पडद्यावरच्या त्या बोटांवर बोट टेकवलं.

"नको. कुणीतरी धरलेलं असू दे त्याला."