फोटो टांगला त्या दिवशी

कापडाच्या दुकानाबाहेर पाय ठेवायला जागा नव्हती. दुकानाला दोन शोकेस. डावीकडचे कपडे चार महिन्यांत विटले होते. उजवीकडे महाराजांचा फोटो टांगलेला, तिथले जसेच्या तसे. लोक काचेला नाक लावून चमत्कार बघत होते. मी काचवाला. दाराची बिजागरी बघायला आलो आणि गर्दीत अडकलो.

"आमची नजर जिथं, तिथं रंग टिकतो," आत महाराज सांगत होते. "आणि ही बसते तिथला उडतो."

बोट मालकीणबाईंच्या सुनेकडे होतं. ती डाव्या शोकेसमागे शिलाई मशीनवर बसायची.

"हिला वर्षभर माहेरी ठेवा. छाया टळेल."

सुनेची बॅग भरून तयार होती. माझं डोकंच फिरलं. मी आत घुसून मालकीणबाईंना विचारलं,

"बाई, फोटो टांगला त्या दिवशी काय झालं होतं?"

"खिळा ठोकताना हातोडी निसटली. शोकेसची काच फुटली."

"नवी कोणी बसवली?"

"तुम्हीच की."

"ती लॅमिनेटेड आहे. डावीकडे अजून जुनी साधीच."

माझ्या पिशवीत दोन्ही प्रकारच्या काचांचे नमुन्याचे तुकडे होते. गल्ल्याजवळ नोटा तपासायचा दिवा होता. त्यातून अतिनील किरण निघतात. उन्हातलेही हेच किरण कापडाचा रंग खातात. सुनेने ट्यूब बंद केली आणि नोट दिव्याखाली धरली. नोटेतल्या छुप्या खुणा चमकल्या. मध्ये साधी काच धरली, तरी चमकल्या. लॅमिनेटेड धरली आणि सगळ्या गुडूप.

"दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर असतो," मी म्हणालो. "फुटली तर तुकडे उडू नयेत म्हणून. तोच हे किरण जवळजवळ सगळे अडवतो."

"आमच्या कृपेनंच तुम्ही ती बसवलीत," महाराज म्हणाले.

"मग फोटो डावीकडे टांगू. चार महिने तिथं कृपा करा."

महाराजांना अचानक दुसरीकडे जायचं आठवलं. गर्दीही पांगली.

मालकीणबाईंनी स्वतः बॅग उचलून आत नेली. "चुकलंच माझं," त्या म्हणाल्या.

"आई, मी रोज तुमच्यासमोर बसत होते," सून म्हणाली. "ऊन त्या बाजूला किती येतं, मला एकदा विचारायचंत."

मला तेव्हा महाराजांपेक्षा आपल्या सगळ्यांचाच राग आला. कापडाचा रंग उडाला तर ऊन बघा, काच बघा, कापडही बघा. एखाद्या बाईला घराबाहेर काढण्याआधी एवढं तरी बघायलाच हवं.