पाच पॉइंटची पांढरी अक्षरं

साहेब, तुम्ही चौकशी केलीच नाहीत. हाताला लागला तो माणूस धरलात आणि फाइल बंद केलीत. अहवालात लिहिलंत, 'छपाईतील निष्काळजीपणामुळे सुरक्षेची सूचना वाचण्याजोगी राहिली नाही. जबाबदार : मशीनमन.' एकतीस वर्षं ऑफसेट मशीन चालवलेल्या माणसाची दीड ओळीत वाट लावलीत. त्याच फाइलमध्ये चार पानं मागे, 'छापायला हरकत नाही' या शेऱ्याखाली, माझी सही होती. ती तुम्हाला दिसली नाही, की दिसली आणि पान उलटलंत?

मी डिझायनर. लेटरहेड, व्हिजिटिंग कार्डं, माहितीपत्रकं, कंपन्यांना लागेल ते. शिक्षण म्हणाल तर छापखान्याचा कोपरा. तिथे मला चिकटवलं माझ्या बायकोच्या मामांनी, म्हणजे तुमच्या त्या मशीनमननी. हे नातं तुम्हाला ठाऊक नसणार. विचारलंत कुठे?

काम होतं गॅसवर चालणाऱ्या रूम हीटरच्या पत्रकाचं. खोक्यात घडी करून घालतात ते. कंपनीचा मॅनेजर माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला.

"चॉकलेटी रंग घ्या, श्रीमंती वाटली पाहिजे. आणि ते खिडकीचं लचांड खाली ढकला. गिऱ्हाइकाला ऊब दिसू द्या, घाबरवताय कशाला?"

लचांड म्हणजे एकच वाक्य : बंद खोलीत वापरू नका, एक खिडकी उघडी ठेवा. मी ते तळाशी ढकललं. पाच पॉइंट, म्हणजे मुंगीएवढा, हडकुळा टाइप, चॉकलेटीवर पांढरी अक्षरं. मग स्क्रीनवर चौपट मोठं करून दाखवलं. मोत्यासारखी दिसत होती. मॅनेजर म्हणाला, "वा!" खऱ्या मापात कागदावर नमुना काढून बघायला अर्धा तास लागला असता. तेवढा वेळ होता माझ्याकडे. पण ते 'वा' मिळालं होतं, आणि मला ते घालवायचं नव्हतं.

चॉकलेटी रंग चार शायांनी बनतो. छापताना त्यातली एक जरी केसभर हलली, तरी एवढ्याशा पांढऱ्या फटीत शाई घुसते आणि अक्षर बुजतं. हे मला माहीत होतं. मामांनीच शिकवलं होतं, पहिल्या वर्षी, भिंग हातात देऊन.

त्यांचा फोन आला तेव्हा मागे मशीन धडधडत होतं.

"जावईबापू, अक्षरं बुजतायत हो. तीनदा रंग बसवून पाहिले. ती पट्टी पांढरी सोडा आणि मजकूर काळ्यात घ्या."

"मामा, पार्टीने पास केलंय. डिझाइनमध्ये नका शिरू. तुम्ही आपलं मशीन बघा."

फोन ठेवता ठेवता ते म्हणाले,

"बरं बुवा. मशीन बघतो."

पाच हजार पत्रकं गेली. त्यातलं एक ज्या घरी गेलं, तिथे एका थंड दुपारी आई आणि तिची शाळकरी मुलगी हीटर पेटवून, खिडक्या लावून पडल्या आणि कोंडलेल्या विषारी वायूने बेशुद्ध झाल्या. शेजाऱ्यांनी दार फोडलं म्हणून वाचल्या. मुलीच्या बोटांत अजून पेन्सिल टिकत नाही.

सुनावणीला मी शेवटच्या बाकावर होतो. ती बाई तुमच्यासमोर म्हणाली, "मी वाचायला घेतलं होतं. चष्मासुद्धा लावला. खाली अक्षरं नव्हतीच, मीठ सांडल्यासारखं दिसत होतं." तुम्ही मान वर न करता विचारलंत, "चूक कोणाची?"

मामा उठले. माझ्याकडे बघितलंही नाही.

"माझी. रंग हलले."

आणि मी बसून राहिलो. दोन्ही पाय धडधाकट असलेला माणूस.

जिन्यात मी त्यांना गाठलं. म्हणाले, "भाची आहे माझी तुमच्या घरात. तुमचं आत्ता कुठे बस्तान बसतंय. माझी नोकरीची दोनच वर्षं राहिलीयत." दुसऱ्या दिवशी छापखान्याने त्यांना काढलं. एकतीस वर्षांनी 'निष्काळजी' म्हणून. मी लाज झाकायला त्यांच्यासाठी आरामखुर्ची घेऊन गेलो. तिच्याकडे बघून म्हणाले, "हातपाय चालतात अजून, जावईबापू. तुम्हीही बसवायला निघालात?"

गेल्या आठवड्यात दुकानात त्याच हीटरची नवी खोकी दिसली. एक विकत घेऊन तिथेच फोडलं. पत्रक नवं, छापखाना दुसरा, डिझाइनची फाइल माझीच. मशीनमन दोषी म्हटल्यावर फाइल स्वच्छ ठरलीच ना! तळाशी तसंच मीठ सांडलेलं.

ते बायकोपुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. मामांच्या त्या फोनसकट.

"मामाने मला कडेवर वाढवलं, आणि तू त्याच्या आड लपलास?" ती म्हणाली. "वर खुर्ची घेऊन गेलास!"

"मला वाटलं..."

"मला काय सांगतोस? ज्याने मामाचं नाव लिहिलंय, त्याला सांग."

म्हणून सांगतोय. मॅनेजरने सांगितलं, मी केलं, आणि मामांनी अडवलं तरी रेटलं. नवं पत्रक सोबत जोडलंय. आता तुमचा तो अहवाल शेजारी ठेवा, चष्मा लावा आणि सांगा : मशीनमन घरी बसलाय, मशीन वेगळं, शहराच्या दुसऱ्या टोकाला. मग या वेळी रंग कोणी हलवले? आणि 'जबाबदार'पुढचा 'मशीनमन' हा शब्द खोडून तिथे माझं नाव कधी लिहिताय?

तोंडी नको. लेखी उत्तर द्या.